सुभद्रेला कुणी सांगायचं?

परवा शुक्रवारी घाटकोपर-अंधेरी मेट्रोत आमच्या टीममधला एक नवा पोरगा भेटला. बसायला जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा दोघंही खांबाला धरून उभे. पठ्ठ्या मोबाईलमध्ये तोंड खुपसून हसत होता. मी डोकावलो तर स्क्रीनवर एका जपानी शाळेचं चित्र, त्यावर मोठ्या डोळ्यांची एक मुलगी, आणि खाली चौकटीत दोन ओळींचा मजकूर. बोट टेकवलं की पुढच्या दोन ओळी. चित्र तसंच. मुलीच्या भुवया तेवढ्या जरा वर गेल्या.

"हा गेम आहे?" मी विचारलं.

त्याने मला 'अंकल झालास तू' अशा नजरेने पाहिलं. मग समजावलं. याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. वाचायची कादंबरी, पण चित्र, आवाज आणि संगीत यांच्यासकट. मधेमधे 'तिला खरं सांगा' किंवा 'गप्प राहा' असे पर्याय येतात आणि आपण निवडू तशी गोष्ट वळते. तो खेळत होता तो एका जुन्या गेमचा रीमेक होता. गोष्ट तीच, पण चित्रं नव्याने काढलेली, आवाज नव्याने भरलेले. "वरवर सगळी लव्हस्टोरी आणि कॉमेडी आहे. पण आत काहीतरी जादू आहे. ती लगेच दाखवत नाहीत. आपल्याकडे मराठीत असं काही नाही ना?"

साकीनाका येईपर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं. चकाल्याला उतरताना सुचलं, पण तोवर तो हेडफोन लावून पुढे गेला होता. म्हणून म्हटलं, रविवार मोकळाच आहे, इथेच लिहावं. उत्तर असं की, आहे. १८८२ सालापासून आहे. त्याचं नाव 'संगीत सौभद्र'.

हसू नका. नीट ऐका तर खरं :)

आधी त्या जपानी प्रकाराबद्दल दोन ओळी, म्हणजे तुलना ओढूनताणून केली असं कोणी म्हणायला नको. १९९४ साली कोनामी कंपनीचा 'तोकिमेकी मेमोरियल' आला आणि शाळेतल्या प्रेमाचे खेळ जपानमध्ये जोरात चालू लागले. १९९९ साली 'कानॉन' आला. बर्फाळ गाव, चुलत-मावस नाती, न्याहारीच्या टेबलावरची थट्टामस्करी, आणि या सगळ्याच्या तळाशी एक अद्भुत गोष्ट, जी कळल्यावर आधीची थट्टा वेगळीच वाटायला लागते. त्याची ऍनिमे मालिका २००२ साली झाली, आणि चारच वर्षांनी, २००६ साली, दुसऱ्या स्टुडिओने तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून केली. गोष्ट सगळ्यांना पाठ, तरी लोकांनी पाहिली. का पाहिली? कारण 'पुढे काय होणार' हा प्रश्नच नव्हता. 'यावेळी कसं करतात' हा होता.

आता मला सांगा, आपले आजी-आजोबा सौभद्र बघायला कशासाठी जात होते? सुभद्रेचं लग्न अर्जुनाशी होतं की दुर्योधनाशी, हे बघायला?

मुळात चित्र, शब्द आणि आवाज एकत्र करून गोष्ट सांगणं आपल्याला नवीन नाहीच. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथले ठाकर समाजातले कलाकार चित्रकथी सादर करतात. कागदावर रंगवलेली चित्रं, त्यांचा एक संच म्हणजे एक पोथी. कलाकार एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने त्यातला प्रसंग गात-बोलत सांगतो. मग पुढचं चित्र. बोट टेकवल्यावर पुढची चौकट यावी, तसंच. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. मीही त्यातलाच.

पण प्रेमकथा, विनोद, लपवलेली जादू आणि वरून रीमेक, हे सगळं एका जागी हवं असेल तर सौभद्रच.

मी काही नाट्यसंगीतातला जाणकार नाही. आमच्या घरी बाबा कॅसेट लावायचे तेव्हा मी उठून आतल्या खोलीत जायचो. सौभद्र पहिल्यांदा पूर्ण पाहिलं ते गेल्या पावसाळ्यात, मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात, आणि तेही धाकट्या बहिणीने ओढत नेलं म्हणून. त्यानंतर जे वाचन सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. त्या दिवशी बहीण जे बोलली त्याचा यात वाटा आहे, पण ते शेवटी सांगतो.

आधी आवृत्त्या बघू. सवयच आहे, कुठलाही कोड हातात आला की आधी हिस्टरी बघायची.

आवृत्ती पहिली: महाभारत. आदिपर्वात सुभद्राहरण आहे. अर्जुन वनवासात हिंडत हिंडत द्वारकेकडे येतो. रैवतक पर्वतावर यादवांचा उत्सव चालू असतो, तिथे त्याला सुभद्रा दिसते. तो कृष्णाला सांगतो, मला ही आवडली. कृष्णाचा सल्ला अगदी व्यवहारी आहे. स्वयंवराचा भरवसा नाही, बायकांच्या मनाचं काय सांगावं, तेव्हा तू तिला सरळ पळवून ने, क्षत्रियाला ते शोभतं. अर्जुन आधी युधिष्ठिराकडे माणूस पाठवून परवानगी आणतो (मॅनेजरचं अप्रूव्हल!) आणि सुभद्रा पर्वताला प्रदक्षिणा घालून परतत असताना तिला रथात घालून नेतो. बलराम भडकतो, कृष्ण त्याला शांत करतो. संपलं.

यात सुभद्रा काय म्हणते? काहीच नाही. तिला विचारलंच नाही कोणी. तिच्या तोंडी शब्द येतात ते थेट इंद्रप्रस्थाला पोचल्यावर, द्रौपदीसमोर, आणि तेही 'मी तुमची दासी' अशा अर्थाचे. बिचारी.

आवृत्ती दुसरी: भागवत. दशम स्कंधाचा शहाऐंशीवा अध्याय. इथे सुरुवातच फार गोड आहे. राजा परीक्षित शुकाचार्यांना विचारतो की, अर्जुनाने माझ्या आजीशी लग्न कसं केलं? परीक्षित म्हणजे अभिमन्यूचा मुलगा, सुभद्रेचा नातू. तेव्हा ही गोष्ट एका नातवाने आजी-आजोबांच्या लग्नाची केलेली चौकशी आहे. आणि घरातल्या लग्नाच्या गोष्टी जशा सांगता सांगता रंगत जातात तशी ती रंगलेलीही आहे. इथे बलरामाच्या मनात सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे. बाकीच्यांना ते पसंत नाही. अर्जुन त्रिदंडी संन्याशाचं सोंग घेऊन द्वारकेत येतो, पावसाळ्याचे महिने तिथे काढतो. साधूंचा मान राखणारा बलराम या संन्याशाला स्वतः घरी जेवायला बोलावतो! तिथे दोघांची नजरानजर होते. आणि शेवटचं हरण होतं ते कृष्ण आणि सुभद्रेचे आईवडील यांच्या संमतीने.

बघा, विनोद कुठून आला ते. ज्याला फसवायचं आहे त्यानेच चोराला पाहुणा म्हणून घरात घेतलं. आणि सुभद्रा? आता ती निदान बघते, हसते, लाजते. पण बोलत अजून नाही.

आवृत्ती तिसरी: किर्लोस्कर. बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. जन्म १८४३ सालचा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. सरकारी महसूल खात्यात नोकरी आणि डोक्यात चोवीस तास नाटक. (ओळखीचं वाटतंय ना? दिवसा क्लायंटचा प्रोजेक्ट, रात्री स्वतःचा.) १८८० साली पुण्यात पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' बघून त्यांना वाटलं की असं संगीत नाटक मराठीत व्हायला हवं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांनी शाकुंतलचा प्रयोग केला. ते कालिदासाचं रूपांतर होतं. मग स्वतःचं म्हणून लिहिलं ते सौभद्र. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात त्याचे पहिले तीन अंक झाले आणि पुढच्या वर्षी पाचही अंकांचं पूर्ण नाटक रंगमंचावर आलं. म्हणजे आधी बीटा, मग रिलीज. तेव्हापासून आपल्याकडे चालतंच हे.

किर्लोस्करांनी केलं काय, तर भागवतातला सांगाडा घेतला आणि त्यात मराठी घर भरलं. त्यांची द्वारका ही द्वारका नाहीच. तो एखादा मोठा वाडा आहे. थोरला भाऊ तापट पण सरळमार्गी, शब्द देऊन बसलेला. धाकटा भाऊ हसतमुख आणि आतल्या गाठीचा, मोठ्याला 'हो दादा, हो दादा' म्हणत स्वतःचंच खरं करणारा. वहिनी रुसणारी, नवऱ्याने समजूत काढावी म्हणून वाट बघणारी. नारदमुनी म्हणजे इकडची बातमी तिकडे पोचवणारे काका. प्रत्येक सोसायटीत एक असतात.

आणि जादू? आहे, पण कशी आहे बघा. कृष्ण देव आहे हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण नाटकात तो चमत्कार करून कोणालाही दिपवत नाही. विश्वरूप नाही, सुदर्शन नाही. तो फक्त घरातल्या चाली खेळतो. खरंखुरं अद्भुत काय ते घटोत्कचाच्या वाट्याला आलेलं आहे. लग्न तोंडावर आलेलं असताना हा राक्षस झोपलेल्या सुभद्रेला उचलून रानात घेऊन जातो, जिथे निराश झालेला अर्जुन भटकत असतो. भीमाचा मुलगा, म्हणजे अर्जुनाचा पुतण्याच. मूळ महाभारतातल्या सुभद्राहरणात याचा पत्ताच नाही. पुढे परत द्वारका, परत घर, परत रुसवेफुगवे. अर्जुन संन्यासी होऊन येतो, बलराम त्याच्या पाया पडतो आणि सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवतो. तिला बिचारीला पत्ता नाही की हा कोण.

मला वाटतं सौभद्र इतकी वर्षं टिकलं त्याचं एक कारण हे प्रमाण आहे. जादू चिमूटभर, घर पातेलंभर. कृष्णाने पहिल्याच अंकात चुटकी वाजवून लग्न लावलं असतं तर प्रश्नच मिटला असता आणि नाटकही. देव असूनही त्याला मोठ्या भावाचं मन सांभाळावं लागतं, म्हणून आपल्याला तो आपला वाटतो.

पण याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. ती कळायला थोडं मागे जावं लागेल. किर्लोस्करांचा जन्म झाला त्याच १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' नाटक केलं. भाव्यांच्या नाटकात पदं सूत्रधार म्हणायचा. सीतेचं दुःख असो की रामाचा राग, गाणार सूत्रधारच. पात्रांनी त्याप्रमाणे हावभाव करायचे आणि गद्य बोलायचं. किर्लोस्करांनी पदं पात्रांच्या तोंडी दिली. ज्याचं सुखदुःख त्याने स्वतः गायचं. सौभद्रमध्ये शंभराहून जास्त पदं आहेत. चालीही घराघरांतल्या, कीर्तनातल्या, साक्या, दिंड्या, लावणीच्या, कर्नाटकी, बायकांच्या गाण्यातल्या.

आता हे सुभद्रेच्या बाजूने बघा. महाभारतात तिला पळवताना एक वाक्य नाही. भागवतात लाजरं हसू. आणि १८८२ साली ती रंगमंचाच्या मध्यभागी उभी राहून स्वतःच्या गळ्याने सांगते की भावाने ठरवलेला नवरा मला नको, माझं मन दुसरीकडे आहे. आवृत्तीगणिक पोरीला आवाज मिळत गेला.

आणि ते साल कुठलं आहे, ते शहर कुठलं आहे? १८८२, पुणे. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून समस्त स्त्रीजातीला नावं ठेवली जात होती. ताराबाईंनी त्या रागातून पुरुषांना सरळ जाब विचारला. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला. दोनच वर्षांनी, १८८४ साली, आपल्या मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईंवर खटला भरला. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न रखमाबाईंना मान्य नव्हतं आणि नवऱ्याकडे नांदायला जायचं त्यांनी साफ नाकारलं. प्रकरण १८८८ सालपर्यंत चाललं. रखमाबाई पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या.

म्हणजे ज्या समाजात आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्नं सर्रास होत होती, तिथे रात्रभर लोक एका मुलीचं 'मला तो नवरा नको' ऐकत बसायचे आणि वन्स मोअर द्यायचे. घरी जाऊन त्यांनी आपल्या मुलीला विचारलं असेल का? बहुतेकांनी नसेलच विचारलं. किर्लोस्कर सुधारक म्हणून नाटक लिहायला बसले होते असंही मी म्हणत नाही. पण गोष्ट देवाधर्माची असली की त्यात काय काय खपून जातं! हीच गोष्ट बुधवार पेठेतल्या एखाद्या मुलीच्या नावाने लिहिली असती तर थिएटरवर दगड पडले असते.

आता यातली गंमत म्हणा किंवा दुखरी बाजू म्हणा, हा आवाज होता पुरुषाचा. पहिली गाजलेली सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर, लोकांचे लाडके भावड्या. बडोद्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा, १८८२ साली किर्लोस्कर मंडळीत आला. अर्जुन होते मोरोबा वाघोलीकर, कृष्ण बाळकोबा नाटेकर, आणि सूत्रधार व बलराम स्वतः अण्णासाहेब. मला हे फार आवडतं. सुभद्रेला आवाज देणारा लेखक रंगमंचावर मात्र तिचं लग्न भलतीकडे ठरवणाऱ्या भावाचं काम करत होता. अण्णासाहेब १८८५ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. तिसरं संगीत नाटक 'रामराज्यवियोग' अर्धंच राहिलं. भाऊरावही १९०१ साली गेले.

पण सौभद्र चालू राहिलं. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत नारायणराव राजहंस आले, म्हणजेच बालगंधर्व, आणि पुढची सुभद्रा त्यांची झाली. त्यांच्या साडीची, केसांतल्या फुलांची नक्कल घरंदाज बायका करायच्या, हे तर आपण 'बालगंधर्व' सिनेमातही पाहिलंय. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या मालकांनी एकत्र येऊन 'संयुक्त मानापमान' केलं. लोकांनी इतकं उचलून धरलं की पाठोपाठ 'संयुक्त सौभद्र'ही झालं.

मग हिराबाई बडोदेकर स्वतः सुभद्रा होऊन उभ्या राहिल्या. पुढे जयमाला शिलेदार, त्यांच्यानंतर कीर्ती शिलेदार. म्हणजे पुरुषाने सुरू केलेला आवाज चाळीस-पन्नास वर्षांनी खऱ्या बाईच्या गळ्यात आला. शब्द तेच, पदं तीच. पण 'मला तो नको' हे बाईने म्हणणं आणि बाईचं सोंग घेतलेल्या पुरुषाने म्हणणं, यात फरक पडत नसेल? रीमेक म्हणजे फक्त नवी चित्रं नव्हेत, हे मला इथे पटलं. एक ओळ न बदलता गोष्ट बदलली.

या गोष्टीचा दुसरा भागही आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'सौभद्र' या शब्दाचा एक अर्थ सुभद्रेचा मुलगा, म्हणजे अभिमन्यू. तो या नाटकात येतच नाही, पण त्याची स्वतःची प्रेमकथा वेगळी चालली. अभिमन्यूचं प्रेम बलरामाच्या मुलीवर. तिचं नाव कुठे वत्सला, कुठे सुरेखा, तेलुगूत शशिरेखा. आणि बलराम पुन्हा तोच गोंधळ घालतो! या वेळी मुलगी द्यायची ती दुर्योधनाच्या मुलाला, लक्ष्मणाला. पुन्हा कृष्ण, पुन्हा घटोत्कच. व्यासांच्या महाभारतात अभिमन्यूचं लग्न उत्तरेशी होतं, वत्सला तिथे नाहीच. ही गोष्ट लोकांनी स्वतः रचली. सरळ कॉपी-पेस्ट, एक पिढी पुढे सरकवून.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२१ साली यावरच 'सुरेखा हरण' हा मूकपट केला, त्यात कृष्ण झाले होते व्ही. शांताराम. आणि या गोष्टीचा सगळ्यात गाजलेला अवतार म्हणजे के. व्ही. रेड्डी यांचा १९५७ सालचा तेलुगू 'मायाबझार'. एन. टी. रामाराव कृष्ण, एस. व्ही. रंगाराव घटोत्कच. त्यात 'प्रियदर्शिनी' नावाची एक पेटी आहे. झाकण उघडलं की बघणाऱ्याला त्याचं सगळ्यात आवडतं माणूस दिसतं. १९५७ साली लॅपटॉप, आणि तोही व्हिडिओ कॉलसकट! २०१० साली हा सिनेमा रंगीत करून पुन्हा थिएटरमध्ये आणला. आमच्या ऑफिसातल्या हैदराबादच्या मुलाला नुसतं नाव काढलं की अर्धा तास बोलतो. सौभद्रमध्ये लपवलेली जादू इथे अंगणात आलेली आहे. घटोत्कच स्वतःच नवरी होऊन लग्नाला बसतो आणि नवरदेवाची दाणादाण उडवतो. हसून पोट दुखतं.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. मुलीला उचलून नेलं जातं ते झोपेत.

आता बहिणीचं सांगतो.

अडीच वर्षांपूर्वी तिने घरी सांगितलं की तिला एक मुलगा आवडतो. जात वेगळी, गाव लांबचं. बाबांनी डोंबिवलीचं एक स्थळ जवळजवळ नक्की केलं होतं, समोरच्यांना शब्दही दिला होता. आमचे बाबा वाईट नाहीत, पण एकदा शब्द दिला की संपलं. घरात रोज रडारड. मी काय केलं? मी स्वतःला फार हुशार समजत होतो. बाबांसमोर मी बाबांच्या बाजूने बोलायचो, म्हणजे त्यांचा माझ्यावर विश्वास राहील. डोंबिवलीच्या स्थळाचा बायोडेटाही मीच टाईप करून नीट केला. आणि मागून आईशी बोललो, मामाला तयार केलं, आत्याकडून विषय काढवला, तारखा पुढे ढकलायला लावल्या. चार महिने लागले. शेवटी बाबांनी स्वतःहून, म्हणजे त्यांना तसं वाटेल अशा पद्धतीने, होकार दिला. लग्न झालं. मुलगा छान आहे, बाबांशी क्रिकेटवर तासनतास बोलतो.

लग्नानंतर मी तिला मोठ्या थाटात हे सगळं सांगितलं. वाटलं, ती गळ्यात पडेल. ती नुसतं 'अच्छा' म्हणाली.

कालिदासमध्ये त्या दिवशी सुभद्रा एकटी पडलेली आहे. वाटतंय की सगळं घर विरोधात आहे, कृष्णदादासुद्धा. प्रेक्षक हसताहेत, कारण आपल्याला माहितीये की सगळं ठरलेलं आहे. मीही हसत होतो. बहीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हा कृष्ण तुझ्यासारखा आहे."

मी खूश. कृष्णाची उपमा कोणाला नको?

"याला सगळं माहितीये," ती म्हणाली, "आणि ती रडतीये ते हा बघतोय. चार महिने, दादा. मला वाटायचं या घरात माझं कोणीच नाही. तू एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

मध्यंतरात आम्ही बटाटेवडे खाल्ले आणि विषय बदलला. पण घरी आल्यावर मला झोप लागली नाही. मी माझं काय ते उत्तर शोधत होतो. तिला सांगितलं असतं तर ती बाबांसमोर नीट रडली नसती. तिच्या चेहऱ्यावरून बाबांना कळलं असतं. प्लॅन फसला असता. सगळी कारणं बरोबर होती. आणि सगळी कारणं माझ्या सोयीची होती.

तिथून मी सौभद्र वाचायला घेतलं, तिच्या प्रश्नाचं उत्तर सापडतंय का बघायला. सापडलं ते एवढंच की, सुभद्रेला आधीच सांगितलं असतं तर नाटक उरत नाही. तिची सगळी पदं तिच्या न कळण्यातून येतात. तिने त्या संन्याशाला ओळखलं असतं तर बलरामाची फजिती नाही, सेवेचा प्रसंग नाही, हशा नाही. कॉमेडीचं इंजिनच ते आहे, की एकाला माहीत नाही आणि बाकी सगळ्यांना माहीत आहे. किर्लोस्करांनी ते जसं केलं तसंच करायला हवं होतं. त्यात एक ओळ बदलू नये असं मला मनापासून वाटतं.

पण घर म्हणजे नाटक नाही. इथे जिला माहीत नसतं ती हसत नाही, आणि बघायला प्रेक्षकही नसतात. व्यासांनी सुभद्रेला विचारलं नाही, भागवताने तिला हसू दिलं, किर्लोस्करांनी गाणं दिलं. मलाही आमच्या घरात एक आवृत्ती करायला मिळाली होती. त्या मेट्रोतल्या पोराच्या गेममध्ये येतात तसे दोन पर्याय माझ्या समोर चार महिने रोज येत होते. 'तिला सांगा.' 'गप्प राहा.' मी रोज दुसरा निवडला आणि शेवट गोड झाला म्हणून स्वतःची पाठ थोपटली.

गेल्या रविवारी ती माहेरी आली होती. चहा करता करता मी तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "किती उशिरा," आणि मग म्हणाली, "आलं जास्त घाल."

असो. त्या नव्या पोराला सोमवारी हा लेख पाठवणार आहे. आणि तुम्हाला मुलुंडला, बोरिवलीला प्रबोधनकारमध्ये किंवा पार्ल्याला दीनानाथमध्ये सौभद्रची जाहिरात दिसली तर नक्की जा. गाण्यातलं काही कळत नसलं तरी जा. मलाही कळत नाही. बहीण असेल तर तिला बरोबर घेऊन जा.